साठवण-साधनावर किती फाइली मावतील? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेमरी कार्ड, पेनड्राइव्ह, हार्ड डिस्क यांच्या क्षमतेविषयी पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. या पानावर केबी, एमबी आणि जीबी ही एकके दशमान अर्थानेच, म्हणजे अनुक्रमे एक हजार, दहा लाख आणि शंभर कोटी बाइट या अर्थाने वापरली आहेत. १,०२४ च्या पटीतले एकक अभिप्रेत असेल तेथे किबीबाइट, मेबीबाइट, गिबीबाइट असे स्पष्ट लिहिले आहे. हा भेद का पाळावा लागतो, ते प्रश्न २ मध्ये येईल.

१. माझ्या पेनड्राइव्हवर किती फाइली मावतील, हे काढण्याचे साधे सूत्र कोणते?

मोकळ्या जागेला एका फाइलीच्या सरासरी आकाराने भागावे, इतकेच. ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर ६४,००,००,००,००० बाइट असतात आणि प्रत्येकी ४ एमबीचे फोटो ठेवायचे असतील, तर भागाकार १६,००० येतो. हे उत्तर चूक नाही, पण ती वरची मर्यादा आहे आणि प्रत्यक्षात हाती येणारा आकडा तिच्या खालीच राहतो. पाकिटावरच्या क्षमतेऐवजी संगणक दाखवतो ती मोकळी जागा भाज्य म्हणून घेतली, दोन्ही आकडे बाइटमध्ये लिहिले आणि सरासरी अंदाजाने न धरता मोजून घेतली (प्रश्न ६), तर बहुतेक घरगुती हिशेबांना याहून अधिक काही लागत नाही. पुढचे सारे प्रश्न या सूत्रातून निसटणाऱ्या गोष्टींचे आहेत.

२. कार्डावर ६४ जीबी छापलेले असताना संगणक ५९.६ जीबीच का दाखवतो? उरलेली जागा कोठे गेली?

जागा कोठेही गेलेली नाही. मोजपट्टी बदलली आहे. उत्पादक एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतात. विंडोज मात्र त्याच बाइटना १,०२४ ने तीनदा भागते, म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइटचा एक गट करते आणि त्या गटालाही जीबीच म्हणते. ६४ अब्जांना या संख्येने भागले की ५९.६ येतात. या मोठ्या गटाला गिबीबाइट हे स्वतंत्र नाव आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाने १९९८ मध्येच दिले, पण ते रोजच्या वापरात फारसे रुजले नाही. ॲपलने २००९ मध्ये आपल्या संगणकांवर दशमान मोजणी स्वीकारली, त्यामुळे तेच कार्ड तेथे जवळपास ६४ जीबीचे दिसते.

क्षमता जसजशी वाढते तसतशी ही तफावत अधिक टोचते. केबीच्या पातळीवर दिसणारा आकडा सुमारे २.३ टक्क्यांनी कमी असतो, जीबीच्या पातळीवर ६.९ टक्क्यांनी आणि टीबीच्या (एक हजार जीबीच्या) पातळीवर ९.१ टक्क्यांनी, म्हणूनच १ टीबीची डिस्क विंडोजवर त्याच्या हिशेबातल्या १,०२४ जीबीऐवजी ९३१ जीबीची दिसते. या घोळाचा सर्वांत मासलेवाईक नमुना जुन्या फ्लॉपीवर छापलेला असे. तिच्यावर नेमके १४,७४,५६० बाइट मावत. ही संख्या १,०२४ ने एकदा भागून १,४४० काढले गेले आणि ते पुढे १,००० ने भागून ‘१.४४ एमबी’ असे नाव पडले, त्यामुळे तो आकडा दशमान पद्धतीतही बसत नाही (१.४७) आणि द्विमान पद्धतीतही बसत नाही (१.४१).

३. मग भागाकार करताना ६४ घ्यायचे की ५९.६?

कोणताही घ्यावा, पण भाज्य आणि भाजक एकाच मोजपट्टीतले असावेत. विंडोज जो फोटो ४ एमबीचा म्हणते, तो प्रत्यक्षात ४ मेबीबाइटचा, म्हणजे ४१,९४,३०४ बाइटचा असतो. पाकिटावरचे ६४ घेऊन त्याला या ‘४’ ने भागणाऱ्यास १६,००० मिळतात, तर खरे उत्तर १५,२५८ असते. याच्या उलट चूक करणारेही पुष्कळ आहेत: ते ५९.६ ला १,००० ने गुणून ४ ने भागतात आणि त्यांना १४,९०० मिळतात, कारण तेथे १,०२४ ने गुणायला हवे होते. दोन्ही चुकांपासून सुटका हवी असेल, तर फाइलीच्या किंवा ड्राइव्हच्या गुणधर्मांची चौकट उघडावी. तेथे गोळाबेरीज आकड्याशेजारी पूर्ण बाइटसंख्या दिलेली असते आणि बाइटमध्ये कोणताही वाद उरत नाही.

४. एकाच फाइलीचे ‘साइज’ आणि ‘साइज ऑन डिस्क’ असे दोन वेगळे आकडे का दिसतात?

फाइल साठवताना डिस्क एकेक बाइट वाटून देत नाही. ती ठरावीक मापाचे कप्पे देते आणि त्यांना क्लस्टर म्हणतात. फाइलीचा शेवटचा कप्पा पूर्ण भरला नाही, तरी उरलेली जागा दुसऱ्या फाइलीला मिळत नाही. ‘साइज’ हा मजकुराचा आकार असतो, तर ‘साइज ऑन डिस्क’ हा अडवलेल्या कप्प्यांचा एकूण आकार असतो, आणि किती फाइली मावतील हे ठरते ते दुसऱ्या आकड्यावरून.

मोठ्या फाइलींना याची झळ लागत नाही; छोट्यांच्या बाबतीत मात्र हिशेब पार उलटतो. समजा, प्रत्येकी २ केबीची एक लाख टिपणे आहेत. मजकूर एकूण २०० एमबीचा भरतो. विंडोजने एक्सफॅट पद्धतीने (साधनावर फाइली मांडून त्यांची नोंद ठेवण्याच्या अनेक पद्धतींपैकी ही एक) फॉरमॅट केलेल्या ६४ जीबीच्या कार्डावर क्लस्टर १२८ किबीबाइटचा, म्हणजे १,३१,०७२ बाइटचा असतो, आणि प्रत्येक टिपण स्वतःसाठी असा एक अख्खा कप्पा अडवते. परिणामी ही २०० एमबीची टिपणे १३.१ जीबी जागा व्यापतात. तीच टिपणे ४ किबीबाइटच्या क्लस्टरवर ठेवली, तर सुमारे ४१० एमबीत मावतात. आणखी एक गोष्ट यातून निघते: त्या कार्डावर एकूण कप्पेच ४,८८,००० च्या आसपास असल्यामुळे, मजकूर असलेल्या फाइली कितीही चिमुकल्या असल्या, तरी त्याहून अधिक मावणार नाहीत.

५. क्लस्टर किती मोठा आहे हे कसे कळते आणि तो बदलता येतो का?

एका अक्षराची मजकूर-फाइल बनवून त्या कार्डावर ठेवावी आणि तिचा ‘साइज ऑन डिस्क’ पाहावा; जो आकडा दिसेल तोच क्लस्टर. एनटीएफएस या विंडोजच्या दुसऱ्या पद्धतीच्या डिस्कवर मात्र ही युक्ती फसते, कारण तेथे काहीशे बाइटच्या फाइलीचा मजकूर तिच्या नोंदीतच ठेवला जातो आणि डिस्कवरचा आकार शून्य दिसतो. तेथे चाचणीची फाइल दोन-तीन केबीची घ्यावी.

विंडोज स्वतःहून एनटीएफएसला १६ टीबीपर्यंत ४ किबीबाइटचा क्लस्टर देते; एक्सफॅटला ३२ जीबीपर्यंत ३२ किबीबाइटचा आणि त्यापुढे १२८ किबीबाइटचा देते. फॉरमॅट करताना दुसरे माप निवडता येते, पण त्यात साधनावरचे सर्व काही पुसले जाते. केवळ जागा वाचावी म्हणून कॅमेऱ्याच्या कार्डाचा क्लस्टर लहान करण्याच्या फंदात पडू नये, असे आमचे मत आहे. फोटो आणि व्हिडिओंच्या बाबतीत वाचणारी जागा नगण्य असते, आणि कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करणे कधीही श्रेयस्कर.

हिशेबासाठी ठोकताळा असा, की क्लस्टरपेक्षा बऱ्याच मोठ्या फाइलींच्या बाबतीत दर फाइलीमागे सरासरी अर्धा क्लस्टर वाया जातो. ४ एमबीच्या फोटोमागे ६४ किबीबाइट म्हणजे जेमतेम १.६ टक्के.

६. फाइलींचा सरासरी आकार कोणता धरावा? प्रत्येक तक्त्यात वेगळाच आकडा असतो.

तक्ते बाजूला ठेवावेत आणि स्वतःच्या फाइली मोजाव्यात. आपण नेहमी ज्या तऱ्हेच्या फाइली ठेवता, त्यांचा दोनशे-तीनशे फाइलींचा एखादा जुना फोल्डर निवडून त्याच्या एकूण आकाराला फाइलींच्या संख्येने भागले, तर मिळणारी सरासरी कोणत्याही छापील तक्त्यापेक्षा विश्वासार्ह असते.

यात एक खाचखळगा आहे. एका फोल्डरमध्ये ४ एमबीचे ९८० फोटो आणि ३०० एमबीचे २० व्हिडिओ आहेत असे समजा. एकूण आकार ९,९२० एमबी आणि सरासरी ९.९२ एमबी येते. पण त्या फोल्डरात दहा एमबीच्या जवळपासची एकही फाइल नाही. पुढच्या वेळी व्हिडिओ थोडे अधिक घेतले गेले, की या सरासरीवर बेतलेला अंदाज कोलमडतो. म्हणून प्रकार वेगळे करावेत, प्रत्येकाची सरासरी स्वतंत्र काढावी आणि आधी व्हिडिओंसाठी जागा राखून उरलेल्या जागेला फोटोंच्या सरासरीने भागावे.

७. एकाच कॅमेऱ्याचे फोटो कमीअधिक आकाराचे का होतात आणि ‘इतके फोटो शिल्लक’ हा आकडा कितपत खरा मानावा?

जेपेग पद्धत चित्रातल्या सारखेपणाचा फायदा घेऊन आकार घटवते. निरभ्र आकाशाचा फोटो तिच्या हातात सहज दबतो, तर पानापानांनी गजबजलेले झाड दबत नाही. दोन्ही १२ मेगापिक्सेलचे असले तरी एकाचा आकार दुसऱ्याच्या दुप्पट भरू शकतो. काहीही न दाबता १२ मेगापिक्सेलचे चित्र ठेवले, तर दर पिक्सेलमागे तीन बाइट या हिशेबाने ३६ एमबी लागतात. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची न दाबलेली १४ बिटची रॉ फाइल, म्हणजे चित्र न बनवता जशीच्या तशी ठेवलेली मूळ नोंद, ४२ एमबीची होते (२४० लाख पिक्सेल गुणिले १४ बिट भागिले ८, कारण एक बाइट म्हणजे ८ बिट).

कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा आकडा म्हणजे शिल्लक जागेला निर्मात्याने गृहीत धरलेल्या सरासरीने भागून आलेले उत्तर असते. साध्या भिंतीचा फोटो काढल्यावर तो आकडा जागचा हलत नाही आणि झाडाचा काढल्यावर एकदम दोनने उतरतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्याचे स्वरूप निराळे सांगायला नको. अनेक कॅमेऱ्यांत तो ९,९९९ च्या वर जातही नाही, कारण दाखवायला चारच अंकांची जागा असते.

८. गाणी किती मावतील?

येथे हिशेब बराच नेमका होतो, कारण ध्वनिफाइलीचा आकार गाण्याच्या लांबीवर आणि बिट रेटवर ठरतो: दर सेकंदाचे बिट गुणिले सेकंद, भागिले ८. चार मिनिटांचे गाणे १२८ किलोबिटच्या एमपी३ मध्ये ३.८४ एमबीचे, ३२० किलोबिटच्या एमपी३ मध्ये ९.६ एमबीचे आणि सीडीवरच्या न दाबलेल्या स्वरूपात (दर सेकंदाला १,७६,४०० बाइट) ४२.३ एमबीचे होते. ६४ जीबीत ती अनुक्रमे १६,६६६, ६,६६६ आणि १,५११ मावतात. २००१ मध्ये आलेल्या पहिल्या आयपॉडची ‘खिशात हजार गाणी’ ही जाहिरात याच सूत्राने पडताळता येते: क्षमता ५ जीबी, १६० किलोबिटचे चार मिनिटांचे गाणे ४.८ एमबीचे, भागाकार १,०४१. मात्र आठ-दहा मिनिटांची गाणी किंवा तासभराच्या मैफली ऐकणाऱ्याने गाणी मोजूच नयेत; त्याने तास मोजावेत.

९. व्हिडिओंचा हिशेब कसा करावा?

व्हिडिओंच्या बाबतीत ‘किती फाइली’ हा प्रश्नच मुळात गैरलागू आहे. ‘किती वेळ’ असे विचारावे. सूत्र प्रश्न ८ मधलेच. दर सेकंदाला २० मेगाबिट या दराने चित्रीकरण केले, तर सेकंदाला २.५ एमबी, मिनिटाला १५० एमबी आणि तासाला ९ जीबी लागतात. ६४ जीबीचे कार्ड ७ तास ६ मिनिटे पुरते. आठने भागायचे विसरणाऱ्यास तेच कार्ड ५३ मिनिटांचे वाटते आणि तो विनाकारण मोठे कार्ड आणतो. बहुतेक साधने दृश्यातल्या हालचालीनुसार बिट रेट कमीजास्त करतात, म्हणून या उत्तरातून दहाएक टक्के सोडून द्यावेत.

१०. ३० जीबी जागा मोकळी आहे, तरी ५ जीबीची एकच फाइल जात नाही. असे का?

पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे. या पद्धतीत फाइलीचा आकार लिहिण्यासाठी ३२ बिट असतात, त्यामुळे एक फाइल ४,२९,४९,६७,२९५ बाइटपेक्षा मोठी असूच शकत नाही, मग जागा कितीही मोकळी असो. प्रश्न ९ मधल्या दराने हा आकडा साडेअठ्ठावीस मिनिटांत गाठला जातो, आणि फॅट३२ वापरणारे कॅमेरे लांब चित्रीकरणाचे तुकडे करतात ते यामुळेच. उपाय म्हणजे फाइलीचे तुकडे करणे, किंवा मजकूर अन्यत्र हलवून साधन एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करणे.

११. माझ्या फाइली तर अगदी लहान आहेत आणि जागाही आहे, तरी ‘जागा नाही’ असा संदेश येतो.

अशा वेळी संपलेली असते ती नोंदवहीतली जागा.

फॅट३२ मध्ये एका फोल्डरच्या यादीत ३२ बाइटच्या ६५,५३६ नोंदी मावतात. आठ अक्षरांचे नाव आणि तीन अक्षरांचा प्रत्यय एवढ्यात बसणाऱ्या फाइलीला एक नोंद पुरते, पण नाव त्याहून लांब असले, की दर १३ अक्षरांमागे आणखी एक नोंद खर्च होते. तीस अक्षरांच्या नावाला एकूण चार नोंदी लागतात आणि फोल्डर सोळा हजारांच्या आसपास फाइलींतच भरतो. देवनागरी नावांबाबत एक बारकावा लक्षात ठेवण्याजोगा आहे: येथे काना, मात्रा, वेलांटी ही प्रत्येक खूण स्वतंत्र अक्षर म्हणून मोजली जाते. ‘सहलीचे फोटो’ या नावात आपल्याला सहा अक्षरे दिसतात, पण मोकळ्या जागेसह ती अकरा भरतात. त्यात जेपीजी हा प्रत्यय आणि त्याआधीचा टिंब मिळून आणखी चार आले, की पंधरा होतात, आणि त्या फाइलीला तीन नोंदी लागतात. फाइली निरनिराळ्या उपफोल्डरांत विभागल्या, की अडचण दूर होते.

लिनक्सवरच्या ईएक्सटी४ पद्धतीत कारण निराळे असते. तेथे प्रत्येक फाइलीला एक आयनोड, म्हणजे तिची माहिती ठेवणारी एक नोंद, लागतो आणि आयनोडांची संख्या फॉरमॅट करतानाच ठरून जाते, ती साधारणपणे दर १६,३८४ बाइटमागे एक असते. ६४ जीबीच्या विभागावर ती ३९ लाखांच्या जवळपास भरते. लाखो चिमुकल्या फाइली साठल्या, की आयनोड संपतात आणि निम्मी डिस्क रिकामी असूनही नवी फाइल बनत नाही. शिवाय ही पद्धत पाच टक्के जागा प्रशासकासाठी राखून ठेवते, म्हणजे ६४ जीबीतले ३.२ जीबी सामान्य वापरकर्त्याच्या हाती लागतच नाहीत.

कॅमेऱ्याने असा संदेश दिला, तर फोल्डरचा क्रमांक पाहावा. कॅमेऱ्यांच्या सामाईक नियमानुसार फोल्डर १०० ते ९९९ आणि फोटो ०००१ ते ९९९९ एवढेच क्रमांक घेऊ शकतात. क्रमांक पुढे चालू ठेवणाऱ्या कॅमेऱ्यात एखाद्याने ९९९ क्रमांकाचा फोल्डर असलेले कार्ड घातले, तर जवळजवळ कोऱ्या कार्डावरही तो फोटो घ्यायचे नाकारू शकतो.

१२. शून्य बाइटच्या फाइली अमर्याद मावतील का?

नाही, पण प्रश्न मार्मिक आहे. रिकाम्या फाइलीला एकही क्लस्टर लागत नाही, म्हणून प्रश्न ४ मधली मर्यादा तिला लागू होत नाही. तिची नोंद मात्र जागा खातेच. एक्सफॅटमध्ये पंधरा अक्षरांपर्यंतच्या नावाला ९६ बाइट लागतात आणि एका फोल्डरची यादी २५६ मेबीबाइटच्या पुढे जाऊ शकत नाही, म्हणून एका फोल्डरात २७,९६,२०२ फाइली ही कमाल झाली. एनटीएफएस प्रत्येक फाइलीमागे साधारण एक किबीबाइटची नोंद ठेवते, त्यामुळे दहा लाख रिकाम्या फाइलींनाही तेथे एक जीबीहून अधिक जागा लागते.

१३. झिप केल्याने जास्त फाइली मावतील का?

मजकूर, तक्ते आणि न दाबलेली चित्रे असतील तर निश्चितच. जेपेग, एमपी३ आणि बहुतेक व्हिडिओ आधीच दाबलेले असल्याने त्यांच्यात एखाद-दुसऱ्या टक्क्याचाच फरक पडतो. छोट्या फाइलींच्या बाबतीत मात्र झिपचा खरा फायदा वेगळाच आहे: मजकूर यत्किंचितही न दाबता एक लाख टिपणे एकाच झिपमध्ये बांधली, तरी प्रश्न ४ मधले १३.१ जीबी घटून दोन-सव्वादोनशे एमबीवर येतात, कारण अर्धवट भरलेला क्लस्टर आता एकच उरतो.

१४. फाइली पुसल्या, तरी जागा वाढली नाही.

त्या कचरापेटीत आहेत. ती रिकामी करावी. कार्डावरच्या किंवा पेनड्राइव्हवरच्या फाइली मॅकवर पुसल्या, तर त्या त्याच साधनावरच्या एका लपलेल्या फोल्डरात पडून राहतात, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

१५. हिशेबापेक्षा निम्म्याहूनही कमी फाइली गेल्या आणि नंतरच्या उघडतच नाहीत.

ते साधन बनावट असण्याची दाट शक्यता आहे. अशा साधनाचे नियंत्रक-सॉफ्टवेअर संगणकाला खोटी क्षमता सांगते, आणि खरी जागा संपल्यावर आलेला मजकूर एक तर जुन्यावर लिहिला जातो किंवा नाहीसा होतो. फाइलींची यादी मात्र व्यवस्थित दिसत राहते, म्हणून संशय उशिरा येतो. संपूर्ण साधन भरून तो मजकूर परत वाचून पाहणे हीच खात्रीची परीक्षा. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आणि लिनक्सवर एफ३ या प्रणाली हेच काम करतात. नवे कार्ड महत्त्वाच्या कामाला लावण्यापूर्वी ही परीक्षा घ्यावी, मग तिला काही तास लागले तरी चालतील.

१६. संगणकावरचा ५० जीबीचा फोल्डर ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर मावत नाही. हे कसे शक्य आहे?

फोल्डरात किती फाइली आहेत ते आधी पाहावे. एका वाचकाच्या फोल्डरात त्या तीन लाख निघाल्या. संगणकाच्या एनटीएफएस डिस्कवर क्लस्टर ४ किबीबाइटचा असल्याने दर फाइलीमागे सुमारे २ किबीबाइट, म्हणजे एकूण ०.६ जीबी वाया जात होते आणि ते कोणाच्या डोळ्यांवर येत नव्हते. पेनड्राइव्हवरच्या १२८ किबीबाइटच्या क्लस्टरमध्ये तीच गळती दर फाइलीमागे ६५,५३६ बाइट झाली. तीन लाखांनी गुणल्यावर १९.७ जीबी. पन्नासात ती मिळवली की ६९.७ होतात आणि ते ६४ मध्ये बसत नाहीत.

फाइलींची संख्या कमी असूनही असे घडत असेल, तर मूळ डिस्कवर फाइली दाबून ठेवण्याची सोय चालू आहे का ते तपासावे, कारण तेथे ‘साइज ऑन डिस्क’ हा ‘साइज’पेक्षा लहान असतो आणि नक्कल करताना मात्र फाइली पूर्ण आकाराने उलगडतात. एकाच मजकुराला दोन-तीन नावे जोडलेली असली, म्हणजे हार्ड लिंक असल्या, तरी नक्कल करताना प्रत्येक नावागणिक वेगळी प्रत तयार होते. वरच्या वाचकाने पेनड्राइव्ह एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केला आणि फोल्डर ५०.६ जीबीत बसला; नक्कल पूर्ण व्हायला मात्र रात्र लागली, कारण तीन लाख नोंदी लिहिण्याचा वेळ कोणत्याही क्लस्टरने कमी होत नाही.